सहीखालची रेघ

युद्ध संपल्यावर सर्वांत आधी पूर्ववत झाले ते गव्हर्नरांचे जेवण. पूल नदीत पडलेले होते, शाळांच्या इमारतींत अजून इस्पितळे होती, आणि ज्या देशांनी साडेपाच वर्षे एकमेकांची शहरे जाळली त्यांच्यात साधे टपालही सुरू झाले नव्हते. परंतु त्या देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर एका तटस्थ देशातल्या नीटनेटक्या शहरात, एका चौकोनी दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पुन्हा एकत्र बसले, आणि सूप पूर्वीइतके गरम राहिले नाही याबद्दल त्यांचे पहिल्या पाच मिनिटांत एकमत झाले. मानवजातीच्या इतिहासात इतक्या जलद झालेला दुसरा समेट शोधून सापडायचा नाही.

इमारत सामाईक बँकेची होती. ही बँकांची बँक. तुमच्याआमच्यासारख्याला तिथे खाते उघडता येत नाही. तिची खातेदार राष्ट्रे असतात. तळघरात प्रत्येक देशाचा एक जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात त्या देशाचे सोने. एका देशाने दुसऱ्याला काही द्यायचे झाले की ते सोने आगबोटीत चढत नाही, आगगाडीत बसत नाही. ढकलगाडीवर रचून या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात नेतात. युद्धाच्या साडेपाच वर्षांत ही ढकलगाडी एक दिवसही थांबली नाही. वर ज्यांची विमाने एकमेकांना शोधत होती त्यांचे पिंजरे खाली भिंतीला भिंत लावून होते, आणि व्याज ठरल्या तारखेला, ठरल्या घटकेला, शत्रूकडून शत्रूला पोहोचत होते. बँकेच्या त्या वर्षांच्या अहवालांत 'युद्ध' हा शब्द सापडत नाही. 'सद्यःस्थितीमुळे काही संचालकांस प्रवासाची गैरसोय झाली', इतकी एक नोंद तेवढी आहे.

या बँकेला एका गोष्टीचा विशेष अभिमान होता. तिच्या घटनेच्या चौथ्या कलमाप्रमाणे तिचा कोणताही ठराव मागच्या तारखेपासून लागू होत नसे. जे व्हायचे ते आजपासून. काल हा पवित्र, त्याला कोणी हात लावायचा नाही. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी एका कारकुनाने रजेच्या अर्जावर आदल्या दिवसाची तारीख घातली, तेव्हा त्याला कामावरून काढले गेले. आणि त्याच आठवड्यात एका अख्ख्या देशाचे सोने कोणाच्या तरी नावावर चढले, तेव्हा कागदावरची तारीख बरोबर असल्यामुळे कोणाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. नियम बदलला, की बदललेला नियम आणि रद्द झालेला नियम असे दोन्ही शब्दशः तळमजल्यावरच्या फलकावर सात दिवस लावून ठेवायचे, ही त्याच अभिमानाची दुसरी बाजू. फलक कोणी वाचत नसे. पण संस्था उघड कारभाराची आहे हे सिद्ध करायला फलक वाचला जावा लागत नाही. तो असावा लागतो.

पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणापाशी, सही-पारखी बसत असे. जगातल्या मध्यवर्ती बँकांकडून येणाऱ्या आदेशांवरच्या सह्या खऱ्या की खोट्या हे पाहणे हे त्याचे काम. एक भिंग, एक तिरप्या उजेडाचा दिवा, नमुना-सह्यांच्या कार्डांनी भरलेले एक पोलादी कपाट आणि 'सही जुळते' असा एक रबरी शिक्का, एवढ्या सामग्रीवर त्याने चौतीस वर्षे काढली होती. त्याच्या शिक्क्यावाचून तळघरातली ढकलगाडी हलत नसे आणि वरच्या मजल्यावरचा करारही करार होत नसे. घटनेने त्याला एवढा मान दिला होता, की अध्यक्षांनासुद्धा त्याला शिक्का मारण्याचा हुकूम करता येत नव्हता. फक्त चहाला बोलावता येत होते. सारी बँक त्याला रेघमास्तर म्हणे.

या नावाचे कारण असे. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा एका लहान देशाच्या बँकेच्या उपगव्हर्नराने सामाईक बँकेला एक युक्ती सुचवली होती. उद्या कोणी आमच्या पाठीला पिस्तूल लावून सही घेतली तर ती सही खरीच असेल. मग तुम्ही ओळखणार कसे? तेव्हा ठरवू या, की राजीखुशीने केलेल्या सहीखाली आम्ही रेघ ओढू ती उजवीकडून डावीकडे. सगळे जग रेघ डावीकडून उजवीकडे ओढते; तशी दिसली तर समजा, हात आमचा आहे पण मर्जी दुसऱ्याची. टाक जिथे टेकतो तिथे शाई साचते, जिथे उचलतो तिथे रेघेची शेपटी बारीक होते. भिंगाखाली दिशा लपत नाही. सर्व गव्हर्नरांनी ही युक्ती उचलून धरली, नमुना-कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात अट छापली गेली, आणि 'हे आपापसांतच राहील' असे ठरले. कार्ड द्यायला तो उपगव्हर्नर स्वतः आला होता. मास्तरांच्या खोलीत बसून त्याने चहा घेतला होता आणि म्हणाला होता, की देव करो आणि तुमच्यावर माझी रेघ बघायची वेळ न येवो.

वेळ आली. शेजारच्या मोठ्या देशाने लहान देश गिळला आणि तिसऱ्या आठवड्यात आदेश आला: पिंजरा क्रमांक सातमधील सर्व सोने पिंजरा क्रमांक चारकडे द्यावे. सही उपगव्हर्नराची. मास्तरांनी दिवा तिरपा केला, भिंग लावले. सही अगदी खरी होती. रेघ डावीकडून उजवीकडे होती. त्या गृहस्थाने पिस्तुलाला सही दिली होती आणि बँकेला रेघ.

मास्तरांनी शेरा लिहिला: 'सही जुळते, तथापि रेघ उलटी. अटीनुसार सही दबावाखाली समजून आदेश अमलात आणू नये.' अध्यक्षांनी त्यांना चहाला बोलावले. चहा उत्तम होता. अध्यक्षांनी मृदू आवाजात विचारले, की सही खरी आहे का. मास्तर म्हणाले, खरी आहे. मग अडचण काय? मास्तर म्हणाले, रेघ. अध्यक्ष हसले. सही तपासणे हे सही-पारख्याचे काम. सहीखाली जे असते ती शोभा, आणि शोभेवर शेरे मारायला बँकेने कोणाला नेमलेले नाही. आपली संस्था तटस्थ आहे, मास्तर. रेघेची बाजू घेतली तर तटस्थ कशी राहील?

मास्तरांनी शेऱ्याचा कागद परत घेतला आणि शिक्का मारला. सही जुळते. खोटे असे त्यात काहीच नव्हते. दुपारी ढकलगाडीच्या चाकांना तेल घातले गेले आणि सोने अकरा फूट सरकले.

ही गोष्ट साडेचार वर्षांपूर्वीची. आता युद्ध संपले होते, आणि त्या उपगव्हर्नराची बायको गेले अठरा दिवस बँकेच्या तळमजल्यावरच्या बाकावर बसून होती.

तिचा नवरा स्वतःच्याच देशाच्या तुरुंगात होता. आरोप असा, की त्याने देशाचे सोने शत्रूला आपल्या हाताने लिहून दिले. पुरावा म्हणून तोच आदेश कोर्टात होता. सही त्याने नाकारलीही नव्हती. त्याने न्यायाधीशांना रेघेची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. जप्त झालेल्या दप्तरात त्या अटीचा कागद सापडत नव्हता. सामाईक बँकेने लिहून दिले तर बघू, असे म्हणून न्यायाधीशांनी महिनाअखेरीच्या अठ्ठाविसाव्या तारखेची मुदत दिली. त्यानंतर निकाल, आणि निकाल काय लागणार हे तुरुंगाच्या आवारातला सुतारसुद्धा जाणून होता, कारण त्याला लाकूड आणून ठेवायला सांगितले होते.

ती पहिल्या दिवशी कायदा सल्लागारांना भेटली. हे गृहस्थ बँकेचे कायदेपंडित. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ते प्रश्नापेक्षा लांब आणि शून्यापेक्षा थोडे लहान असे देत. सभासद बँकांच्या सुरक्षाव्यवस्थेविषयी आम्ही होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, असे त्यांनी तिला समजावले.

"मग तुम्ही म्हणता काय?" तिने विचारले.

"आम्ही कळवतो," कायदेपंडित म्हणाले.

ती बाकावर बसली. रोज सकाळी दार उघडताना यायची, संध्याकाळी दार लागताना जायची. पहारेकरी तिला ओळखू लागला, झाडूवाली तिच्या पायांभोवतून झाडू लागली. मास्तर दुसऱ्या दिवसापासून मागच्या जिन्याने येऊ लागले. नवव्या दिवशी मागचा जिना रंगाला निघाला, आणि मग गाठ पडलीच.

"वहिनी," मास्तर म्हणाले, कारण दुसरे काय म्हणावे ते त्यांना सुचले नाही.

तिने त्यांना ओळखले. ह्यांनी तुमच्याबद्दल सांगितलं होतं, म्हणाली; एक माणूस असा आहे की ज्याला रेघ दिसल्याशिवाय राहणार नाही, असं म्हणायचे. मास्तरांना वाटले, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी स्वतःचे शपथपत्र लिहून देण्याची तयारी दाखवली. तिने मान हलवली. वकिलाला विचारून झाले होते. एका कारकुनाचा खासगी कागद कोर्ट घेत नाही, आणि बँकेने 'हा आमचा माणूस खोटे बोलतो' असे उलट टपाली कळवले तर असलेले वजनही जाईल. उपगव्हर्नराचे जुने कार्ड कपाटात असते तर? ते नव्हते. तह झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी ते 'सुरक्षित ठेवण्यासाठी' मागून नेले होते, आणि इतके सुरक्षित ठेवले होते की आता त्यांनाही सापडत नव्हते.

"मला सोनं नको, मास्तर," ती म्हणाली. "एक वाक्य हवंय. बँकेच्या कागदावर, बँकेच्या सहीनं."

घरी मास्तरांनी ही हकिकत बायकोला सांगितली. मास्तर महिनाअखेर निवृत्त होणार होते. बागेच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, पडदे कोणते लावायचे, इथवर संसार येऊन ठेपला होता. बायको पडद्याच्या कापडाला टीप घालत होती. मास्तरांनी नेहमीचे युक्तिवाद मांडले: गुप्ततेची शपथ, सेवानियम, आपल्या हाती काय आहे. तिने सुई थांबवली.

"अहो, त्या कागदावर तुमचाही शिक्का आहे ना?"

"आहे. पण सही खरीच होती."

"मग त्याला एकट्यालाच का टांगताहेत?" एवढे बोलून तिने पुन्हा टीप घालायला सुरुवात केली.

वरच्या मजल्यावर इकडे परिषद रंगात आली होती. विषय एकच: सहकार्य. जिंकलेल्या महासत्तेचे गव्हर्नर, ज्यांना कर्मचारी थोरले म्हणत, ते मेजाच्या एका बाजूला. आणि हरलेल्या, म्हणजे लहान देश गिळणाऱ्या देशाचे गव्हर्नर, म्हणजेच हरलेले, दुसऱ्या बाजूला. हरलेल्यांना तहानंतर तीन महिने नजरकैदेत ठेवले होते; थोरल्यांनीच रदबदली करून सोडवले, कारण त्यांच्यावाचून त्या देशाचे हिशेब कोणाला कळणार? कैदेत त्यांचे वजन वाढले होते. दोघे तरुणपणापासूनचे स्नेही. युद्धात थोरल्यांचा पुतण्या आणि हरलेल्यांचा जावई एकाच खाडीवर, एकाच आठवड्यात, समोरासमोरच्या खंदकांत मारले गेले होते, आणि याविषयी दोघांनी एकमेकांना अत्यंत हृद्य पत्रे लिहिली होती. पत्रांच्या शेवटी व्याजदराचा उल्लेख होता. आणखी दोन गव्हर्नर होते, ते अनुमोदनासाठी.

लहान देशाचे गव्हर्नर शेवटच्या आठवड्यात आले. हे नवे; युद्धानंतर नेमलेले. त्यांच्या तिजोरीत काही नव्हते आणि लोकांना हिवाळ्याआधी कोळसा हवा होता. थोरल्यांनी त्यांच्यासाठी कर्ज तयार ठेवले होते. कर्जाची रक्कम आणि पिंजरा क्रमांक सातमधून गेलेल्या सोन्याची किंमत यांत विलक्षण साम्य होते. फरक इतकाच, की सोने त्या देशाचे होते आणि कर्जाला व्याज होते. अट किरकोळ होती. कराराच्या तिसऱ्या कलमात म्हटले होते, की युद्धकाळात सामाईक बँकेत झालेले सर्व व्यवहार संबंधितांच्या राजीखुशीने झाले असे मानण्यात येत आहे. नव्या गव्हर्नरांनी कलम दोनदा वाचले. चूक बँकेची म्हटली तर कर्ज नाही. चूक आपल्या एका माणसाची म्हटली तर कर्ज आहे, आणि तो माणूस आधीच तुरुंगात आहे. देशाला कोळसा आणि एका माणसाला दोर, इतक्या स्वस्तात सहसा काही मिळत नाही. त्यांनी होकार दिला.

आल्या दिवशीच ते नमुना-सही द्यायला मास्तरांच्या खोलीत आले. कार्डाच्या मागे बारीक टायपात काय छापले आहे ते त्यांनी पाहिले नाही. कोणीच पाहत नाही. त्यांनी झोकात तीन सह्या केल्या आणि प्रत्येकीखाली सगळ्या जगासारखी रेघ मारली: डावीकडून उजवीकडे. अशा वेळी 'साहेब, मागची अट वाचावी' हे चार शब्द उच्चारणे हे मास्तरांचे काम होते, आणि ते त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही चुकवले नव्हते. त्यांनी तोंड उघडलेही. तेवढ्यात टाक खाली ठेवत नवे गव्हर्नर सहज म्हणाले, "ती खालची बाई अजून बसते का हो? पाठवा तिला कोणीतरी घरी. परक्या गावात आमच्या देशाची शोभा होते."

मास्तरांनी तोंड मिटले. कार्डावर टीपकागद दाबला आणि आभार मानले.

करारावर सह्या झाल्या शनिवारी दुपारी बाराला. छायाचित्रकार आले, गेले. पाचही गव्हर्नरांची आगगाडी चारला होती. सोमवारी कर्जाचा पहिला हप्ता सुटायचा होता. त्याच्या आत करारावर सही-पारख्याचा शिक्का हवा होता. साडेबाराला शिपायाने करार मास्तरांच्या मेजावर ठेवला.

मास्तरांनी दिवा तिरपा केला. थोरल्यांची सही: शाई उजवीकडे साचलेली, शेपटी डावीकडे. हरलेल्यांची तशीच. अनुमोदकांच्या दोन्ही तशाच. ज्या अटीला चौघे गेली साडेचार वर्षे शोभा म्हणत होते, ती त्यांच्या चारही हातांनी आजसुद्धा, फोटो काढून घेताना, बिनचूक पाळली होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे मास्तरांनी भिंगातून पाहिले. पाचवी सही नव्यांची. सही खरी. रेघ डावीकडून उजवीकडे.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि साडेचार वर्षांपूर्वीचा शेरा, 'आदेश' या शब्दाऐवजी 'करार' घालून, शब्दशः लिहिला.

दहा मिनिटांत कायदेपंडित आले. त्यांनी शेरा वाचला, घाम पुसला, पुन्हा वाचला. नमुना-कार्डावरही रेघ तशीच आहे, म्हणजे ती या गृहस्थांची सवयच आहे, असा मुद्दा त्यांनी काढला. मास्तर अदबीने म्हणाले, की अटीत सवयीचा अपवाद नाही; तेव्हा नमुनाही दबावाखालीच घेतला असे लिहावे लागेल, आणि तो बँकेच्या इमारतीत, माझ्यासमोर घेतला असल्याने दबाव कोणाचा ते बँकेला सांगावे लागेल. दुसरा पारखी नेमता येईल का? येईल, सर्व सभासद बँकांना तीन महिन्यांची नोटीस देऊन.

मग चहा आला. म्हणजे मास्तर चहाला गेले.

"मास्तर," अध्यक्ष मृदू आवाजात म्हणाले, "सही खरी आहे का?"

"खरी आहे."

"मग?"

"मागच्या वेळी आपण सांगितलंत की रेघ ही शोभा. मी ऐकलं. पण ते तोंडी होतं, साहेब. ह्या वेळी लेखी द्या, लगेच शिक्का मारतो."

अध्यक्षांनी कायदेपंडितांकडे पाहिले. कायदेपंडित डोळे मिटून हिशेब करत होते. नव्या गव्हर्नरांना बोलावून रेघ उलट ओढायला सांगावी, तर पाच जणांदेखत अट कबूल केल्यासारखे होईल. आणि त्या माणसाला एकदा का कळले की आपल्या देशाच्या सोन्याच्या आदेशाखालीही अशीच रेघ होती, तर तो कर्जाऐवजी सोनेच मागायचा. रेघ तशीच ठेवावी, तर करार मेला. रेघेला अर्थ नव्हताच असा ठराव करावा, तर तो मागच्या तारखेपासून होतो, आणि चौथे कलम आडवे येते. मग त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर एखादे अवघड कोडे सुटलेल्या शाळकरी मुलाचा आनंद होता.

"अट आजपासून रद्द करू," ते म्हणाले. "फक्त आजपासून. कालचं काल राहील."

"मागच्या कुठल्या व्यवहाराला बाधा?" अध्यक्षांनी विचारले.

"मुळीच नाही. आपण मागच्या तारखेला हातच लावत नाही, साहेब. तीच तर आपली ख्याती आहे."

मास्तरांनी खाली पाहिले. संस्थेने त्यांना चौतीस वर्षे जे शिकवले ते त्यांच्या तोंडून बाहेर पडले: रद्द करावयाची अट ठरावात शब्दशः उतरवावी लागेल, नाहीतर काय रद्द झाले ते कळणार नाही. कायदेपंडितांनी नाराजीने मान डोलावली. कनिष्ठाने नियम दाखवून द्यावा हे त्यांना रुचले नाही, म्हणून त्यांनी मजकूर स्वतः सांगून लिहून घेतला. 'सहीखालील रेघ डावीकडून उजवीकडे ओढलेली असल्यास सदर सही दबावाखाली केलेली समजावी व आदेश अमलात आणू नये, ही नमुना-सही कार्डाच्या पाठीवरील, सर्व सभासद बँकांस बंधनकारक असलेली अट, आजच्या तारखेपासून रद्द करण्यात येत आहे.' पाचही गव्हर्नरांनी घड्याळाकडे पाहत ठरावावर सह्या केल्या. चार रेघा उजवीकडून डावीकडे गेल्या. नव्यांना हा कागद कशाचा आहे हे विचारावेसे वाटले; पण हरलेल्यांनी त्यांना सामानाची आठवण करून दिली.

मास्तरांनी करारावर शिक्का मारला. सही जुळते. सव्वातीनला मोटारी स्थानकाकडे गेल्या, आणि साडेतीनला शिपायाने ठराव रिवाजाप्रमाणे खालच्या फलकावर चार टाचण्यांनी लावला. त्याला कोणी लाव म्हटले नव्हते आणि कोणी लावू नको म्हटले नव्हते. नियम बदलला की तो लावत असे.

मास्तर निघताना बाकापाशी थांबले. शपथ त्यांना मोडायची नव्हती, आणि मोडावीही लागली नाही.

"वहिनी, आज फलक वाचा," ते म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

तिने तो तीनदा वाचला. मग खिडकीवरच्या कारकुनाकडे खरी नक्कल मागितली. फलकावरच्या कोणत्याही कागदाची नक्कल कोणालाही, ठरलेली फी भरल्यास, मिळते. तसा नियम आहे. कारकुनाने नक्कल काढली, बँकेचा गोल शिक्का उठवला, पोचपावती दिली आणि सुट्टे परत केले. एकोणीस दिवसांत बँकेने तिला दिलेले हे पहिले उत्तर.

अठ्ठावीस तारखेला न्यायाधीशांनी मूळ आदेश खिडकीपाशी धरून पाहिला, मग भिंग मागवले. सरकारी वकिलाने आक्षेप घेतला, की हा ठराव परवाच्या तारखेपासूनचा आहे, आरोपीची सही साडेचार वर्षांपूर्वीची. आजच्या कागदाचा कालच्या सहीशी संबंध काय? न्यायाधीश म्हातारे होते आणि दुपारच्या वेळी थोडे चिडत. त्यांनी विचारले, "जी अट नव्हतीच, ती रद्द कशी होते?" उपगव्हर्नर सुटला. आवारातल्या सुताराने त्या लाकडाची दोन बाकडी केली.

सोने मात्र परत आले नाही. कोर्टाच्या दृष्टीने ती सही दबावाखाली झालेली होती. कराराच्या तिसऱ्या कलमाच्या दृष्टीने तीच सही राजीखुशीने झालेली होती. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी कायदेशीर होत्या. या विसंगतीवर पुढे दोन जाडजूड प्रबंध लिहिले गेले. लहान देशाने कर्ज वेळेवर फेडले, व्याजासह, म्हणजे आपले सोने त्याने एकदा गमावले आणि एकदा विकत घेतले, आणि ते घेऊनही त्याच्या पिंजऱ्यात काही आले नाही. थोरल्यांच्या आणि हरलेल्यांच्या सहकार्याची गणना आता शांततेच्या पायाच्या दगडांत होते.

निकालाची बातमी दोन दिवसांनी, महिन्याच्या तीस तारखेला, सामाईक बँकेत पोहोचली. त्याच दुपारी मास्तरांना पत्र मिळाले. नमुना-सही घेताना अट वाचून दाखवण्यात कसूर केल्याबद्दल त्यांची सेवा त्या महिन्याच्या एक तारखेपासून समाप्त करण्यात येत होती. सबब निवृत्तिवेतनाचा प्रश्न उरत नव्हता. एक तारखेपासून: म्हणजे एकोणतीस दिवस मागे. संस्थेच्या इतिहासात मागच्या तारखेला हात लावण्याची ही पहिली वेळ. कर्मचाऱ्यांविषयीचे पत्र हा 'ठराव' नव्हे, त्यामुळे चौथ्या कलमाचा भंग होत नाही, असे कायदेपंडितांचे मत सोबत जोडलेले होते. मास्तरांनी सवयीने पत्र तिरप्या उजेडात धरले. अध्यक्षांची सही खरी होती. रेघ उजवीकडून डावीकडे गेली होती. दबाव कोणाचाही नव्हता.

बागेच्या बाजूच्या खोल्या राहिल्या. पडदे बायकोने जुन्याच खिडक्यांना लावले. ते वीतभर लांब झाले, तेव्हा तिने ते उसवून पुन्हा बेतले आणि म्हणाली, की निदान आता तुम्ही पुढच्या जिन्याने जायला मोकळे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एक पाकीट आले. आत मजकूर नव्हता. कागदाच्या मध्यभागी नुसती एक सही होती. मास्तरांनी खिडकीपाशी जाऊन भिंग लावले. अक्षरे वाकडी होती, वळणे मध्येच तुटलेली. तुरुंगात त्या हाताचे काय झाले होते ते वर्तमानपत्रांनी लिहिले नव्हते. भिंगाखाली दिसत होते. चौतीस वर्षांच्या नियमांप्रमाणे ही सही नमुन्याशी जुळत नव्हती. एकाही अक्षराच्या बाबतीत जुळत नव्हती.

खाली रेघ होती. थरथरत ओढलेली, दोनदा थांबलेली. शाई उजवीकडे साचली होती आणि शेपटी डावीकडे गेली होती.

बायकोने विचारले, कोणाचे पत्र. मास्तरांनी भिंग पुसले, टाक घेतला, आणि शिक्का आता जवळ नसल्यामुळे कागदाच्या कोपऱ्यात आपल्या हाताने लिहिले: जुळते.